व्हिडिओवरच्या दुभाष्याची खोली, कॅमेरा आणि कपडे: नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

गेली काही वर्षं मी प्रतापनगरच्या फ्लॅटमधून अमेरिकेतल्या दवाखान्यांसाठी व्हिडिओवर दुभाषी म्हणून काम करते. हिंदी, मराठी आणि इंग्रजी. या कामात नव्याने येणारी मुलंमुली व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच विचारतात आणि मीही तेच तेच टाइप करत बसते. म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून ठेवलं. सांकेतिक भाषेची (कर्णबधिरांच्या, हातांनी बोलायच्या भाषेची) उत्तरं त्या क्षेत्रातल्या मैत्रिणीकडून तपासून घेतली आहेत. तुमच्या कंपनीची लेखी नियमावली यापेक्षा वेगळं सांगत असेल तर तिचंच ऐका.

१. व्हिडिओवरचं दुभाषेपण म्हणजे नेमकं काय? फोनवर दोन वर्षं करून राहिली मी, मग वेगळं काय शिकायचं?

काटोलची आजी न्यू जर्सीत लेकाकडे गेली आहे आणि छातीत दुखतं म्हणून तिला दवाखान्यात आणलं आहे, असं समजा. पलंगाशेजारी चाकांच्या दांडीवर टॅबलेट, आणि टॅबलेटमध्ये तुम्ही. डॉक्टर इंग्रजीत विचारतो, तुम्ही मराठीत सांगता. आजी बोलली की तुम्ही ‘माझ्या छातीत दुखतं’ असं तिच्याच तोंडचं इंग्रजीत ठेवता, ‘त्यांच्या छातीत दुखतं’ असं नाही. इथवर फोनवरचंच काम आहे. पण टॅबलेटमधून तुमच्याबरोबर तुमची भिंत, तुमचा दिवा, तुमची ओढणी आणि मागून डोकावणारा भाचाही त्या खोलीत जातो. लोकांचं लक्ष आजीवर असायला हवं. ते तुमच्या कालनिर्णयावर गेलं तर तेवढा वेळ आजीचा गेला. खालची बहुतेक उत्तरं याच हिशेबाने दिली आहेत.

२. आमचा फ्लॅट दोन खोल्यांचा आणि घरात माणसं सहा. स्वतंत्र खोली नसेल तर काम मिळणारच नाही का?

स्वतंत्र खोली नसली तरी चालेल, पण दार पाहिजे, आतून कडी लागणारं. सुरुवातीचं दीड वर्ष मी सामानाच्या खोलीत काढलं, एका अंगाला तांदळाची कोठी आणि दुसऱ्या अंगाला मी. टेबल, खुर्ची आणि खुर्चीमागे हातभर जागा मावली की पुरे.

दाराचा एवढा आग्रह कशासाठी? अमेरिकेत रुग्णाची माहिती हिपा नावाच्या १९९६ च्या कायद्याने जपली जाते, आणि ते बंधन दवाखाना, मग कंपनी, मग करार अशा साखळीने आपल्या टेबलापर्यंत येतं. म्हणजे आईलाही ऐकू जाता कामा नये. ‘आईला कुठं इंग्रजी समजते?’ हे मला दर महिन्याला कोणीतरी लिहितं. अहो, निम्मं संभाषण मराठीत होत असतं!

आवाज बाहेर जातो का हे पाहायचं तर मोबाइलवर बातम्या लावून तो खोलीत ठेवा, दार लावा आणि बाहेर उभे राहा. शब्द कळले तर दाराखालच्या फटीत जुनी चादर गुंडाळून घाला आणि दाराला आतून जाड पडदा लावा. कागदावर टिपणं घ्यायची मुभा असेल तर कॉल संपताक्षणी त्यांचे बारीक तुकडे करा. मोबाइल शक्यतो खोलीबाहेर ठेवा. आणि ‘माझा वर्क कॉर्नर’ म्हणून चालू पडद्याचा फोटो स्टेटसला ठेवू नका.

मागे आरसाही नको, ते माझ्यावर बेतलेलं आहे. चाचणीच्या कॉलवर प्रशिक्षिकेने विचारलं, तुमच्या मागे दुसरा मॉनिटर आहे का? मी वळून पाहिलं तर स्टीलच्या कपाटाच्या आरशात माझा अख्खा पडदा दिसत होता, नुसता उलटा. त्या दिवशी समोर रुग्ण नव्हता म्हणून निभावलं. कपाट हलवणं शक्य नव्हतं, म्हणून आरशावर बेडशीट टाचली. ती अजून तिथेच आहे.

३. मी पीजीत राहते. को-वर्किंगची काचेची केबिन भाड्याने घेतली तर?

काच आडवी आली. काचेतून पडदा दिसतो, मागून जाणारी माणसं कॅमेऱ्यात येतात आणि बहुतेक केबिनींची भिंत छतापर्यंत पोचतच नाही, त्यामुळे आवाज वरून पलीकडे जातो. शिवाय वाय-फाय सगळ्यांचं. अपारदर्शक दाराची, छतापर्यंत भिंती असलेली खोली आणि स्वतःची केबल मिळत असेल तर कंपनीला लेखी विचारा. काही करारांत घराबाहेरून काम चालत नाही. काहींत तर काम अमेरिकेबाहेरच जाऊ शकत नाही, ते कॉल आपल्याकडे मुळात येतच नाहीत.

४. मागे काय दिसायला हवं? आमच्या भिंतीचा रंग पोपटी आहे.

मागे काहीच दिसू नये. फिकट राखाडी, मळकट निळा किंवा साधा बदामी रंग बरा. पांढरीशुभ्र भिंत असली की कॅमेरा उजेड कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. पोपटी भिंतीची झाक गालांवर चढते, मग आपणच आजारी दिसतो.

घर भाड्याचं असेल तर रंगकाम राहू द्या. गांधीबागेत पडद्याचं जाड, चमक नसलेलं कापड मीटरवर मिळतं. दीड-दोन मीटर रुंद तुकडा घ्या, वरच्या शिवणीत पडद्याची दांडी घाला आणि इस्त्री करून टांगा. इस्त्री विसरू नका, कॅमेऱ्यात घड्या जाळ्यासारख्या दिसतात. खुर्ची कापडापासून तीनेक फूट पुढे घ्या, म्हणजे सावली मागे पडत नाही.

पलंग, दोरीवरचे कपडे, फ्रिज, टीव्ही दिसू नये हे सांगायला नको. तसबिरींचं प्रश्न १३ मध्ये आहे.

५. त्यापेक्षा व्हर्च्युअल बॅकग्राउंड लावली तर?

कंपनीने स्वतःचं चित्र दिलं असेल तर तेच लावा, तिथे आपल्या मताला जागा नाही. दिलं नसेल तर टाळा. जुन्या लॅपटॉपवर त्याने प्रोसेसर तापतो, चित्र अडखळतं, केसांच्या कडा खाल्ल्या जातात आणि हात पुढे आला की बोटं नाहीशी होतात. सांकेतिक भाषेच्या कामात तर नकोच नको, कारण तिथे बोट गेलं म्हणजे शब्द गेला.

६. कॅमेरा महाग घेतला तरी चेहरा काळा आणि पडद्यावर पट्टे पळतात. वेबकॅम बदलू का?

आधी दिवा बदला. अंधाऱ्या खोलीतल्या भारी कॅमेऱ्यापेक्षा चांगल्या उजेडातला साधा ७२० पीचा कॅमेरा स्वच्छ दिसतो.

नागपुरात बहुतेक घरांत ट्यूबलाइट भिंतीच्या वरच्या अंगाला असते. तिने कपाळ उजळतं आणि डोळ्यांखाली खड्डे पडतात. दिवा चेहऱ्यासमोर हवा, कॅमेऱ्याच्या थोडा डावीकडे किंवा उजवीकडे आणि डोळ्यांपेक्षा जरा वर. टेबललॅम्पचं तोंड समोरच्या भिंतीकडे वळवलं तरी परतून येणारा मऊ उजेड पुरतो. बल्ब साधारण ४००० केल्विनचा घ्या. पिवळा बल्ब कावीळ झाल्यासारखं दाखवतो आणि ६५०० चा निळसर. खिडकी पाठीमागे कधीच नको.

पळणाऱ्या पट्ट्यांचं कारण निराळं आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, अमेरिकेतली ६० ची. वेबकॅमची सेटिंग ६० वर असली की दिव्याचं लुकलुकणं आणि कॅमेऱ्याचा वेग जुळत नाहीत आणि आडवे पट्टे सरकताना दिसतात. सेटिंगमध्ये ‘अँटी-फ्लिकर’ शोधून ५० करा. तरीही पट्टे राहिले तर दोष स्वस्त एलईडीचा, बरा बल्ब आणा.

कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत हवा. लॅपटॉप नुसता टेबलावर ठेवला तर समोरच्याला आपली हनुवटी आणि छताचा पंखा दिसतो. मी जेवायचे दोन पाट एकावर एक ठेवून त्यावर लॅपटॉप ठेवला आहे आणि कीबोर्ड वेगळा जोडला आहे. डोक्यावर चार बोटं जागा आणि खाली छातीपर्यंत एवढी चौकट पुरे. सांकेतिक भाषेची चौकट वेगळी, ती प्रश्न १५ मध्ये.

७. चष्म्यात पडदा चमकतो. लेन्स लावाव्या लागतील का?

नाही. दिवा वर आणि बाजूला सरकवा, पडद्याचा उजेड कमी करा आणि चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचलून बसवा, म्हणजे काचा जरा खाली कलतात. पुढचा नंबर करताना काचांवर चकाकी न येणारा थर मागा.

८. मे महिन्यात ४५ अंशांत दार बंद करून बसायचं कसं? कूलरच्या आवाजावरून एकदा ताकीद मिळाली आहे.

हा प्रश्न मार्च संपता संपता सुरू होतो आणि मृग लागेपर्यंत थांबत नाही. पुण्या-मुंबईचे प्रशिक्षक ‘पंखा बंद करा’ एवढं सांगून मोकळे होतात. त्यांनी नवतप्यात (मे अखेरच्या कडक नऊ दिवसांत) इथे येऊन एक रात्र बसून दाखवावं.

खरी अडचण आवाजाच्या आधीची आहे. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या खसेतून ओढून आत टाकतो. ती हवा बाहेर जायला वाट लागते. खिडकी-दार बंद केलं की थोड्या वेळात खोली दमट होते, घाम वाळेनासा होतो आणि कूलर नुसता ओरडत राहतो. कूलर चालवायचा तर दार उघडं हवं, गोपनीयता पाळायची तर बंद. हे दोन्ही एकत्र जमत नाही. दार किलकिलं ठेवून पाहणारे दोघं मला माहीत आहेत आणि दोघांनाही तक्रार आली.

मग काय करायचं? वरच्या मजल्यावर राहत असाल तर आधी स्लॅबचं पाहा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री एकपर्यंत खोलीत उष्णता सोडत असतो. गच्चीवर पांढरा चुना मारला आणि संध्याकाळी पाणी मारलं तर फरक लगेच जाणवतो. मग शिफ्टच्या आधी दोन तास दार-खिडकी उघडून कूलर चालवायचा आणि पहिल्या कॉलच्या दहा मिनिटं आधी सगळं बंद. कॉलच्या मध्ये पाच मिनिटं मिळाली की पुन्हा उघडायचं. तासा-दीड तासाच्या बैठकीला एवढं पुरतं. सहा तासांच्या शिफ्टला पुरत नाही, तिथे एसी लागतो. लहान खोलीला एक टनाचा स्प्लिट पुष्कळ झाला. २६-२७ वर ठेवा आणि झोत माइकवर येऊ देऊ नका. खिडकीत बसणारा एसी मात्र कूलरइतकाच घरघरतो. मी तीन उन्हाळे कूलरवर काढले आणि चौथ्याला हप्त्यावर एसी घेतला. तो खर्च कंपनी देत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

छताचा पंखा हळू चालवला तर चालतो, पण दिवा पंख्याच्या वर असेल तर पाती उजेड कापतात आणि चेहरा सारखा लपलपतो. असा दिवा बंद ठेवा.

आवाज गाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर फार विसंबू नका. ते कूलरबरोबर तुमच्या शब्दांच्या कडाही खातं. ‘पंधरा’ आणि ‘पन्नास’ मिलिग्रॅम यांत गोंधळ झाला तर काय होईल, विचार करा.

९. शेजारी लग्न, वरात, डीजे. काऊन करावं?

घड्याळाकडे पाहून शिफ्ट मागावी. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे हिवाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसात आणि उन्हाळ्यात साडेसहा. ऐन वरातीची वेळ. कॅलिफोर्नियाचे नऊ म्हणजे हिवाळ्यात रात्रीचे साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ. ध्वनिक्षेपकाला रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे (सणांच्या मोजक्या दिवशी सरकार १२ पर्यंत सवलत देतं). म्हणजे पश्चिम किनाऱ्याची शिफ्ट घेतली तर डीजे आटोपता आटोपता तुमचं काम सुरू होतं. लग्नसराईत मी तीच मागून घेते.

अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सरकतात. त्या आठवड्यात दरवर्षी कोणीतरी एक तास चुकतं, एकदा मीही चुकले आहे.

बाकी आवाजाचं काम माइकवर सोपवा. यूएसबीचा तारेचा हेडसेट घ्या आणि माइक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं दूर ठेवा, समोर नाही, नाहीतर श्वास फुसफुसतो. लॅपटॉपचा माइक अजनीच्या गाडीच्या भोंग्यापासून सोनेगावच्या विमानापर्यंत सगळं ऐकतो. ब्लूटूथ ऐनवेळी सुटतं.

१०. लाइन गेली तर? इन्व्हर्टर आहे तरी कॉल तुटतो.

इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ मोडचं बटण आहे का पाहा. साध्या मोडमध्ये बदल व्हायला किंचित वेळ लागतो. पंख्याला तो कळत नाही, पण डेस्कटॉप आणि राउटर तेवढ्यात बंद पडून पुन्हा सुरू होतात. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असल्याने तो वाचतो, राउटर वाचत नाही. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन्हींना लावा. एकालाच लावून ‘तरीही जातं’ म्हणणारे बरेच भेटतात.

नेट केबलने जोडा. ७२० पीच्या कॉलला दोन्ही दिशांनी दीड-दोन एमबीपीएस पुरतात, त्यामुळे १०० च्या प्लॅनची ऐट नको. अपलोड स्थिर आहे का ते पाहा, आणि तेही शिफ्टच्या वेळी, दुपारी बाराला नाही. मोबाइल हॉटस्पॉट दुसऱ्या कंपनीचा ठेवा. एप्रिल-मेच्या अवकाळीत वीज कडकडायला लागली की दोन कॉलच्या मधल्या वेळात बाहेर आहोत असं कळवून तारा काढा. माझं एक राउटर असंच गेलं.

११. कपडे कसे? साडी चालते का? मुलांना टाय लागतो का?

टाय लागत नाही. कॉलरचा, एका रंगाचा, बिनचमकीचा शर्ट पुरे. बारीक चौकडी आणि बारीक रेषा नकोत, कॅमेऱ्यात त्या नाचतात. पांढरा रंग चेहरा काळवंडवतो, कारण प्रश्न ४ मधलंच.

साडी बेशक चालते. सुती, एकरंगी, बारीक काठाची असू द्या आणि पदर पिन करा. जरी दिव्यात चमकते, म्हणून पैठणी लग्नासाठी राहू द्या. कडक खळ घातलेली साडी हललं की खसखसते आणि माइक ते टिपतो. कुर्त्यावर ओढणी घेत असाल तर ती माइकच्या दांडीला घासणार नाही अशी खोचा. मी ओढणी सोडूनच दिली.

रात्री तीनला केस विस्कटलेले, चेहरा तेलकट, हे होणारच. टेबलाच्या खणात कंगवा, रुमाल आणि पावडरचा डबा ठेवा.

१२. टिकली, मंगळसूत्र, बांगड्या काढायला लागतात का? सासूबाई ऐकणार नाहीत.

टिकली असू द्या, फक्त खड्याची नको, ती लुकलुकते. मंगळसूत्र चालतं, लांब असेल तर कपड्याच्या आत घ्या, म्हणजे टेबलावर टकटक होत नाही. काचेच्या बांगड्यांची मात्र खरी अडचण आहे. टायपिंग करताना त्या किणकिणतात आणि हेडसेट लावलेल्या डॉक्टरला ते थेट कानात ऐकू येतं. दोन्ही हातांत एकेक धातूची पातळ बांगडी, किंवा कोपरापर्यंत वर सरकवून रुमालाने बांधलेल्या काचेच्या, असा तोडगा आमच्या गटातल्या एकीने काढला. सासूबाईंना तो मान्य आहे. सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांना हे लागू नाही, प्रश्न १५ पाहा.

१३. मागे गणपती किंवा बाबासाहेबांची तसबीर असली तर कोणाचं काय बिघडतं?

तुमचं घर, तुमची श्रद्धा, यात वाद नाही. पण कॉलवर कोण येईल ते आपल्या हातात नसतं. धर्मावरून किंवा जातीवरून देशोधडीला लागलेला माणूस आश्रयाच्या मुलाखतीत बसला असेल, तर तो आधी तुमची भिंत वाचतो, मग तोंड उघडायचं की नाही ते ठरवतो. दुभाष्याने कोणाच्या बाजूचं दिसू नये, हे तत्त्व अमेरिकेतल्या आरोग्य क्षेत्रातल्या दुभाष्यांच्या २००४ च्या राष्ट्रीय आचारसंहितेतही आहे. म्हणून तसबीर चौकटीबाहेर सरकवा, काढायची गरज नाही. माझ्या टेबलावर कॅमेऱ्यामागे गणपती आहे. मला दिसतो, समोरच्याला नाही. कपाळावरचा ठसठशीत गंध, गळ्यातला पक्षाचा किंवा संघटनेचा रुमाल, घोषवाक्याचा टी-शर्ट यांनाही हेच.

१४. खर्रा तोंडात ठेवून चालेल का? आवाज तर नीट येतो.

नाही. आवाजही नीट येत नाही, तुम्हालाच तसं वाटतं. सुपारी, च्युइंगम, बडीशेप, काहीच नको. पाणी प्या, पण स्टीलच्या चकचकीत पेल्यातून नको.

१५. मी भारतीय सांकेतिक भाषेची दुभाषी आहे. माझे नियम वेगळे आहेत का?

पुष्कळ वेगळे. तुमचे हात हीच तुमची वाणी आहे. भारतीय सांकेतिक भाषेत बोटांनी अक्षरं काढायला दोन्ही हात लागतात (अमेरिकेतल्या भाषेत एक पुरतो), त्यामुळे परदेशी सूचनापत्रं जशीच्या तशी उचलू नका. चौकट डोक्याच्या थोडी वरून कमरेपर्यंत, आणि दोन्ही कोपर फाकवले तरी आत राहतील एवढी रुंद. त्यासाठी कॅमेऱ्यापासून चार-पाच फूट मागे यावं लागतं, म्हणजे खोलीही लांब हवी.

उजेड दुप्पट लागतो. कमी उजेडात कॅमेरा प्रत्येक चित्र जास्त वेळ उघडा ठेवतो आणि हलते हात फराटे होऊन जातात. अमेरिकेच्या अपंगत्वविषयक नियमांत तर चित्र न अडखळणारं असावं आणि चेहरा, बाहू, हात, बोटं स्पष्ट दिसावीत, असं लिहूनच ठेवलं आहे. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने दुभाष्याची गरज मान्य केली. चित्र कसं असावं ते आपलं आपणच पाहायचं.

कपड्याचा रंग त्वचेच्या उलट हवा. गोऱ्या हातांना गडद निळा किंवा काळा, सावळ्या हातांना फिकट निळा किंवा राखाडी. बाह्या निदान कोपरापर्यंत. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, नेलपॉलिश काहीच नको. पुरुषांनी मिशी ओठांवर येऊ देऊ नये, समोरचा ओठही वाचत असतो.

१६. बहिणीचं लग्न आहे, मेंदी काढायची आहे. आणि धुळवडीचा रंग निघाला नाही तर?

तोंडी भाषेचे दुभाषी असाल तर मेंदी खुशाल काढा, हात चौकटीत येतच नाहीत. सांकेतिक भाषेत मेंदीची नक्षी बोटांच्या हालचालीवर अक्षरशः पसरते, बघणाऱ्याचे डोळे शिणतात, आणि ती उतरायला आठवडा-दोन आठवडे जातात. पायांवर काढा. हातांवरच हवी असेल तर समन्वयकाला महिनाभर आधी सांगून सुट्टी लावा. नव्या नवरीच्या चुड्यालाही हेच.

धुळवडीला सकाळी चेहऱ्याला, मानेला, कानामागे आणि केसांच्या कडेला खोबरेल चोपडून निघा. तरी गुलाबी गाल उरलेच तर कॉल घेण्यापेक्षा एक शिफ्ट सोडा. कर्करोगाची बातमी देणाऱ्या डॉक्टरांशेजारी जांभळ्या कानांचा दुभाषी बरा दिसत नाही.

१७. वडील गेले, दहाव्याला डोकं केलं. कंपनीला फोटो जुळायला हवा, काय सांगू?

‘घरात मृत्यू झाला, आमच्याकडची रीत आहे’, एवढं व्यवस्थापकाला एका ओळीत लिहा आणि ओळखपत्राचा नवा फोटो जोडा. यात शिस्तभंग काही नाही. टोपी घालू नका, तिनेच जास्त प्रश्न येतात. आणि घाई करू नका. दवाखान्यातले कॉल त्या दिवसांत अंगावर येतात.

१८. कॅमेऱ्यावर चेहरा कसा ठेवायचा? माझी मान सारखी हलते म्हणतात.

हे कपड्यांपेक्षा महत्त्वाचं आहे. आपण ऐकताना ‘हं, हं’ म्हणत मान डोलावतो. अर्थ एवढाच की ऐकतोय. अमेरिकन डॉक्टर ते ‘हो’ समजतो. एका सरावात मी डॉक्टर झाले होते आणि शिकाऊ मुलीला विचारलं, रुग्णाला ही गोळी आधी दिली होती का? ती नुसती प्रश्न ऐकत होती, पण मान हो-हो करत होती. मी तेवढ्यावर ‘आधी दिली आहे’ असं लिहून घेतलं आणि पुढे गेले. तिच्या लक्षातही आलं नाही, रेकॉर्डिंग दाखवलं तेव्हा तिने डोकं धरलं.

उपाय म्हणजे स्वतःचं दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग आवाज बंद करून पाहा. मान, भुवया, ओठ दाबणं, सगळं दिसतं. लाकडी चेहरा मात्र नको. वाईट बातमीला चेहरा मऊ असू द्या, फक्त रुग्णाच्या आधी आपले डोळे भरू नयेत. भरलेच तर प्रश्न २० मधल्या वाक्याने थोडा वेळ मागा.

१९. खाली पायजमा घातला तर कोणाला दिसतंय?

पंखा बंद करायला उठलात की सगळ्यांना. मी उठले आहे. फुलाफुलांचा होता.

२०. कॉल चालू असताना कोणी आत आलं तर?

आधी माइक आणि कॅमेरा बंद, मग वळून पाहायचं. क्रम उलटा झाला की ‘आई, जा ना!’ हे टेक्सासपर्यंत जातं. परत आल्यावर दोन्ही भाषांत सांगायचं, स्वतःला ‘मी’ न म्हणता: ‘दुभाषी सांगत आहे, व्यत्ययाबद्दल क्षमस्व, शेवटचं वाक्य कृपया पुन्हा सांगा.’ ‘मी’ म्हटलं तर ते रुग्णाचं बोलणं समजलं जातं. आत आलेल्याने काही ऐकलं असण्याची शक्यता असेल तर तेही लपवू नका, कंपनीला कळवा.

दाराला लाल-हिरवी पाटी लावण्यापेक्षा मूठभर घरच्यांना बसवून एकदा समजावून सांगा. आमच्याकडे पाटीचा उपयोग शून्य, चहा तरीही यायचा. आता चहा शिफ्टआधी थर्मासमध्ये भरून मिळतो.

२१. डॉक्टर तपासणी करताना रुग्ण कपडे काढतो तेव्हा मी काय करू?

टॅबलेट भिंतीकडे वळवायला किंवा पडदा झाकायला डॉक्टरांना सांगा, ऐकू येत राहील तेवढं पुरतं. पुरुष दुभाषी आणि बाई रुग्ण असेल तर हे आपणहून, तपासणी सुरू व्हायच्या आधी सुचवा. बऱ्याच आज्या संकोचाने बोलत नाहीत, नुसती लुगड्याची कड ओढत राहतात. तपासणीत मात्र तुमचा कॅमेरा दवाखान्याने सांगितल्याशिवाय बंद करू नका. बंद पडदा पाहून रुग्णाला वाटतं, आतून बघून राहिले.

२२. माझी टिकली पाहून आजी विचारतात, ‘कुठली गं तू? कोणाची?’ उत्तर द्यायचं का?

हा कॉल प्रत्येकीला एकदा तरी येतो. परक्या देशात, सुया टोचलेल्या हाताने, समोर आपल्यासारखी दिसणारी आणि आपल्यासारखी बोलणारी मुलगी दिसली की आजी डॉक्टरला विसरतात. तुम्ही ‘नागपूरची’ म्हटलंत की पुढचा प्रश्न ‘कोणत्या भागातली’ आणि त्याच्या पुढचा ‘आडनाव काय’. तोवर डॉक्टर टॅबलेटकडे बघत उभा.

आजीचा प्रश्न आधी इंग्रजीत डॉक्टरला सांगा, कारण खोलीतलं सगळं दोघांना कळायला हवं. मग आजीला म्हणा, ‘आजी, दुभाषी मराठीच आहे, तुमचं सगळं बोलणं डॉक्टरांना नीट सांगेल.’ हेही डॉक्टरला सांगा. आडनाव, गल्ली, नातं यांत शिरू नका. बहुतेक आज्यांना एवढं पुरतं. एक आजी मात्र म्हणाल्या, ‘बरं, नको सांगू. पण पोरी, जेवली का?’ मी तेही इंग्रजीत सांगितलं. डॉक्टर हसले, म्हणाले, आधी पेशंट जेवली का ते विचारा. आजींनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, आणि मधुमेहाच्या गोळ्या मात्र घेतल्या होत्या.